खरा रिपोर्ट कोणता?

२०२२ सालच्या जुलैतील एक दुपार. गोव्यातला पाऊस जसा पडतो तसा पडत होता आणि शाळेच्या व्हरांड्यात छत्र्यांची रांग लागली होती. आमच्या नववीतील एका मुलीचे वडील ओल्या अंगाने कार्यालयाच्या दारात उभे राहिले. माडावर चढून नारळ पाडण्याचे त्यांचे काम. पावसाळ्यात ते जवळजवळ बंदच. शर्टाच्या आतून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले तीन कागद काढले आणि आमच्या टेबलावर ओळीने मांडले.

पहिला कागद मुलीचा. सूक्ष्मदर्शकाखाली थुंकी तपासली, क्षयाचे जंतू आढळले नाहीत. दुसराही मुलीचाच, पण आठवड्याभराने सरकारी इस्पितळात नव्या यंत्रावर केलेल्या तपासणीचा. त्यावर लिहिले होते, जंतू आढळले. तिसरा कागद तिच्या आजोबांचा, त्याच यंत्रावरचा. त्यावर, जंतूंचा अंश अत्यल्प प्रमाणात आढळला. डॉक्टरांनी मुलीला सहा महिन्यांचे औषध लिहून दिले होते आणि आजोबांना मात्र ‘थांबा, आणखी एक तपासणी करू’ असे सांगितले होते.

“सर,” ते म्हणाले, “एका कागदावर नाही, दुसऱ्यावर आहे. त्याच यंत्राने पोरीलाही आहे म्हटले आणि बाबांनाही आहे म्हटले. तर पोरीला गोळ्या आणि बाबांना नाहीत. तुम्ही शिकलेले. यातला खरा कुठला तो सांगा. मग मी गोळ्या सुरू करतो.”

गोळ्यांची पाकिटे चार दिवस घरात तशीच पडून होती, हे त्या शेवटच्या वाक्यातून आमच्या ध्यानात आले आणि अंगावर काटा उभा राहिला. महिनाभर खोकणारी, संध्याकाळी तापाने मलूल होणारी, गणवेश अंगावर ढगळ झालेली ती मुलगी रोज आमच्या डोळ्यांसमोर होती. आम्ही एम्. ए. झालो ते मराठी घेऊन. वैद्यकाशी आमचा संबंध रुग्ण म्हणूनच काय तो आलेला. “गोळ्या आज रात्रीच सुरू करा, डॉक्टरांच्या शब्दाबाहेर जाऊ नका,” एवढे आम्ही निश्चयाने सांगितले. “आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही शोधून देतो.” त्यांनी मान डोलावली. पुढील मजकूर म्हणजे त्या उत्तराची हकीकत होय. ज्यांच्या घरात कधी ना कधी असा कागद येईल, आणि आपल्या देशात तो कोणाच्याही घरात येऊ शकतो, त्या सर्व कुटुंबांसाठी ती येथे मांडीत आहोत.

न दिसणे आणि नसणे

क्षयाला आपल्याकडे राजयक्ष्मा म्हणत, रोगांचा राजा. तो एका जंतूमुळे होतो हे रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे जाहीर केले. त्यानंतर पाचच वर्षांनी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, अमेरिकेतून डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाई जोशी पुण्यात वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी निवर्तल्या. त्या क्षयानेच गेल्या असे मानले जाते. शत्रूचे नाव कळले होते, परंतु त्याला मारणारे औषध हाती यायला आणखी जवळजवळ साठ वर्षे लागायची होती.

कॉखच्या काळापासून निदानाची मुख्य रीत एकच राहिली. रुग्णाचा बेडका काचपट्टीवर पसरायचा, त्याला विशिष्ट रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकातून पाहायचे. निळ्या पार्श्वभूमीवर तांबड्या बारीक काड्यांसारखे जंतू दिसले की निदान झाले. पद्धत स्वस्त, सोपी आणि एका दिवसात उत्तर देणारी. तिने लाखो जीव वाचविले आहेत, हे विसरता कामा नये. पण तिची एक मर्यादा आहे. एका मिलिलिटर थुंकीत सुमारे पाच ते दहा हजार जंतू असतील तरच ते डोळ्याला सापडण्याची खात्री. त्याहून कमी असले तर तपासणारा कितीही प्रामाणिक असो, ते हुकण्याचाच संभव अधिक. लहान मुले, एच.आय.व्ही.ची बाधा झालेले रुग्ण आणि रोगाच्या आरंभीच्या अवस्थेतील माणसे यांच्या थुंकीत जंतू थोडेच असतात. जंतूच थोडे, तेथे ही परीक्षा फसते.

येथे मराठीच्या मास्तराला एक गोष्ट सहज पटते. ‘नाही’ आणि ‘आढळले नाही’ ही दोन वाक्ये एक नव्हेत. पहिल्या कागदावर दुसरे वाक्य लिहिलेले होते. वडिलांनी मात्र पहिले वाचले. आपण सगळे तसेच वाचतो.

सूक्ष्मदर्शकाहून खात्रीची रीत म्हणजे जंतूंची पैदास करून पाहणे. डॉक्टर तिला ‘कल्चर’ म्हणतात. मिलिलिटरमागे दहा ते शंभर जंतू असले तरी पोषक द्रव्यात ते वाढतात आणि उघडकीस येतात. पण क्षयाचा जंतू स्वभावाने मंद. इतर पुष्कळ जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात, याला वीस तासांच्या आसपास लागतात. म्हणून कल्चरचे उत्तर यायला दोनपासून आठ आठवडेही लागू शकतात. तोवर रुग्ण खोकतच असतो, आणि त्याच्या घरातील माणसे त्याच हवेत श्वास घेत असतात.

ग्रंथालयातील एक ओळ

या कोंडीतून वाट काढली ती रेणवीय चाचण्यांनी. वडिलांच्या हातातील दुसरा आणि तिसरा कागद अशाच चाचणीचा होता. इस्पितळात तिला ‘सीबीनॅट’ किंवा ‘ट्रूनॅट’ अशा नावांनी ओळखतात.

प्रत्येक सजीवाच्या पेशीत त्याच्या घडणीचा मजकूर चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो. क्षयजंतूचा असा संपूर्ण मजकूर १९९८ साली शास्त्रज्ञांनी वाचून काढला. तो सुमारे ४४ लक्ष अक्षरांचा भरला. आता एक मोठे ग्रंथालय कल्पावे. त्यात कोट्यवधी पुस्तके. ती रुग्णाच्या स्वतःच्या पेशींची आणि तोंडातील निरुपद्रवी जंतूंची. त्यांत क्षयजंतूची दोन-चार पुस्तके कोठेतरी दडली आहेत. ती कशी शोधावी? क्षयजंतूच्या पुस्तकातच असणारी, अन्यत्र कोठेही नसणारी एक ओळ निवडायची आणि त्या ओळीच्या नकला काढायला लावायच्या. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. अशी तीस आवर्तने झाली की एका प्रतीच्या शंभर कोटींहून अधिक प्रती होतात, आणि मग ती ओळ लपून राहणे अशक्य. ही युक्ती कॅरी मलिस या अमेरिकन शास्त्रज्ञाला १९८३ साली सुचली आणि तिच्यासाठी १९९३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. तिलाच पी.सी.आर. म्हणतात, करोनाच्या साथीत ही तीन अक्षरे घरोघर पोहोचली.

या रीतीचा आणखी एक लाभ आहे. रिफाम्पिसिन हे क्षयावरचे अत्यंत महत्त्वाचे औषध. त्याला न जुमानणाऱ्या जंतूंपैकी सुमारे ९५ टक्के जंतूंत, त्या ४४ लक्ष अक्षरांपैकी अवघ्या ८१ अक्षरांच्या एका तुकड्यात, कोठेतरी बदल झालेला असतो. तेव्हा तेवढा तुकडा वाचला की जंतू आहे काय, आणि तो औषधाला दाद देईल काय, अशा दोन्ही प्रश्नांची उत्तरे आठवड्यांऐवजी काही तासांत मिळतात. मुलीच्या कागदावर दुसरी ओळ होती ती हीच. रिफाम्पिसिनला प्रतिरोध आढळला नाही.

वाचकांना वाटेल, मग प्रश्न मिटला. यंत्र खरे आणि सूक्ष्मदर्शक खोटा. आम्हांलाही प्रथम तसेच वाटले. परंतु ज्या परीक्षकाच्या हाती निकाल द्यायचा, त्या परीक्षकाची आधी परीक्षा घ्यावी लागते.

परीक्षकाची परीक्षा

परीक्षकाच्या हातून दोन प्रकारच्या चुका होतात. अभ्यासू मुलाला तो नापास करतो, किंवा कोऱ्या पाटीच्या मुलाला पास करतो. चाचणीचेही तसेच. खरोखर आजारी असलेल्या शंभरांपैकी किती जणांना ती ओळखते, याला चाचणीची संवेदनशीलता म्हणतात. आणि रोग नसलेल्या शंभरांपैकी किती जणांना ती बरोबर मोकळे सोडते, याला विशिष्टता. केवळ एकच गुण पाहून भागत नाही. सरसकट सर्वांना ‘क्षय आहे’ म्हणणारी चाचणी एकही रुग्ण हुकवणार नाही. पण तिचा उपयोग काय?

ही परीक्षा कशी घ्यावी याचेही नियम आहेत. तपासायची माणसे खरोखरच दवाखान्यात खोकत येणारी, ज्यांच्याविषयी शंका आहे अशी असावीत; एकीकडे खंगलेले रुग्ण आणि दुसरीकडे धडधाकट तरुण असे सोयीचे गट करू नयेत. कोणाचा नमुना कोणता हे तपासणाऱ्याला ठाऊक नसावे. आणि प्रत्येकाचे निदान कल्चरसारख्या एकाच स्वतंत्र मापाने पडताळलेले असावे. आपण उत्तरपत्रिकेवरचे नाव झाकून गुण देतो, त्यातलाच हा प्रकार.

नाव झाकले की काय उघडे पडते त्याचे उदाहरण १९९४ सालचे आहे. पी.सी.आर. नवे होते आणि अनेक प्रयोगशाळा आपापल्या रीतीने ते वापरू लागल्या होत्या. अशा सात प्रयोगशाळांना २०० नमुने पाठविण्यात आले. काहींत जंतू मोजून घातलेले होते, काहींत मुळीच नव्हते. कोणत्यात काय ते प्रयोगशाळांना सांगितले नव्हते. जंतू नसलेल्या नमुन्यांतही जंतू ‘सापडल्याचे’ प्रमाण प्रयोगशाळेगणिक ३ पासून २० टक्क्यांपर्यंत निघाले, आणि एका प्रयोगशाळेत तर ७७ टक्के! तत्त्व सर्वांचे एकच. फरक होता तो हाताळणीत. एका ओळीच्या शंभर कोटी नकला काढणारी युक्ती, टेबलावर कालच्या नमुन्यातून सांडलेल्या कणाच्याही तितक्याच नकला काढते. म्हणून पुढे जी यंत्रे आली त्यांत नमुना एकदा बंद डबीत घातला की पुढचे काम आत, मानवी हात न लागता व्हावे अशी योजना करण्यात आली.

परीक्षेवाचून बाजारात आलेल्या चाचणीचे मोल काय द्यावे लागते, हे आमच्या घराने अनुभवले आहे. ती चाचणी रेणवीय नव्हती. रक्तातील प्रतिपिंडांवरून क्षय ओळखू पाहणारी होती. २००८ साली आमच्या थोरल्या बंधूंना खोकला जडला. एका खाजगी प्रयोगशाळेने रक्त घेतले, क्षय आहे असा कागद दिला आणि औषध सुरू झाले. दुसऱ्या महिन्यात त्यांना कावीळ झाली. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी थुंकीचे कल्चर केले, फोटो पुन्हा काढला. दुखणे क्षयाचे नव्हतेच. बंधू वाचले, पण ते दोन महिने आणि ती कावीळ आमच्या वहिनी अजून विसरलेल्या नाहीत. अशा सुमारे पंधरा लाख चाचण्या त्या काळी दरवर्षी भारतात होत असाव्यात असा अंदाज होता. जागतिक आरोग्य संघटनेने सर्व उपलब्ध अभ्यास तपासून २०११ साली स्पष्ट सांगितले की क्षयाच्या निदानासाठी प्रतिपिंडांच्या या चाचण्या वापरू नयेत. आणि जून २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांची आयात, उत्पादन व विक्री यांवर बंदी घातली. चाचणीची चाचणी ही पंडितांची करमणूक नव्हे, एवढे यावरून दिसावे.

मुंबईचा वाटा, गोव्याचा वाटा

बंद डबीच्या ‘एक्स्पर्ट’ या यंत्राची मोठी परीक्षा झाली आणि तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. पेरूतील लिमा, अझरबैजानमधील बाकू, दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊन व दर्बान आणि आपली मुंबई या शहरांतील १७३० रुग्ण तीत होते. मुंबईच्या रुग्णांची थुंकी जगाच्या निर्णयाला कारण झाली, याचा आपल्याला विसर पडू नये. सूक्ष्मदर्शकात जंतू दिसलेल्या ५६१ रुग्णांपैकी ५५१ जणांना यंत्राने ओळखले. सूक्ष्मदर्शकाने हुकवलेले, पण कल्चरने पकडलेले असे १७१ रुग्ण होते. त्यांपैकी १२४ जणांना यंत्राने एकाच नमुन्यावर ओळखले. रोग नसलेल्या ६०९ जणांपैकी ६०४ जणांना तिने बरोबर मोकळे सोडले. त्याच वर्षी डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने या चाचणीला मान्यता दिली.

आकडे शांतपणे वाचावेत. १७१ पैकी १२४, म्हणजे सुमारे ७२ टक्के. ज्यांच्या बाबतीत सूक्ष्मदर्शक साफ आंधळा होता त्यांतले इतके रुग्ण सापडणे ही मोठीच गोष्ट. परंतु उरलेल्या ४७ रुग्णांना यंत्रानेही ‘आढळले नाही’ असाच कागद दिला असता. त्यांच्याच गटात दुसरा आणि तिसरा नमुना तपासल्यावर ओळखण्याचे प्रमाण ९० टक्क्यांपर्यंत गेले. यास्तव लक्षणे कायम असतील तर डॉक्टर पुन्हा थुंकी मागतात. ती टाळाटाळ नव्हे.

पुढे याच यंत्रासाठी अधिक तीक्ष्ण चाचणी निघाली. तिची पहिलीशी तुलना करणारा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. जुनी चाचणी शंभर रुग्णांतील ८३ ओळखत होती, नवी ८८ ओळखू लागली. सूक्ष्मदर्शकाने हुकवलेल्या रुग्णांत तर ४६ वरून ६३ अशी वाढ झाली. पण त्याबरोबर विशिष्टता मात्र ९८ टक्क्यांवरून ९६ वर आली. दृष्टी तीक्ष्ण झाली आणि त्याबरोबर भासही वाढले. ज्यांना पूर्वी क्षय होऊन गेला होता अशांत हे भास अधिक होते. कारण औषधाने मेलेल्या जंतूंचे अवशेष फुप्फुसात काही वर्षे रेंगाळू शकतात आणि यंत्र मजकूर वाचते, जंतू जिवंत की मेलेला हे त्याला कळत नाही.

दोन टक्क्यांचा फरक किरकोळ वाटेल. फळ्यावर हिशेब मांडून पाहू. एक हजार खोकणारी माणसे, त्यांतली शंभर खरोखर क्षयाची. नवी चाचणी त्यांतील ८८ ओळखील. उरलेल्या ९०० निरोगींपैकी शेकडा चार, म्हणजे ३६ जणांना ती चुकून रोगी म्हणेल. ‘आहे’ असे कागद १२४, त्यांतले खरे ८८, दहांतले सातच. आता तीच चाचणी ज्यांना काही होत नाही अशा हजार माणसांची केली, आणि त्यांत रुग्ण पाचच आहेत असे धरले, तर खरे सापडतील चार आणि खोटे निघतील जवळजवळ चाळीस. यंत्र तेच, डबी तीच. पण कागदाचा अर्थ बदलला. प्रत्यक्षात कल्चरही काही रुग्ण हुकवते, म्हणून ‘खोट्यां’तले काही खरेही असतील. तरी हिशेबाचा बोध बदलत नाही. रिपोर्टचा अर्थ रिपोर्टात पुरा नसतो; तो कोणाचा आहे, त्यावर अवलंबून असतो.

आता थोडे आमच्या भूमीविषयी. एक्स्पर्ट यंत्राला अखंड वीज हवी, आणि तीस अंशांपेक्षा गरम खोली त्याला मानवत नाही. खेड्यातील आरोग्य केंद्रात हे जमावे कसे? त्यावर ट्रूनॅट हे विजेरीवर चालणारे, हलवता येण्याजोगे छोटे यंत्र भारतात तयार झाले. ते करणाऱ्या मोलबायो या कंपनीचा कारखाना आमच्या गोव्यात वेर्णे येथे आहे. भारत, पेरू, इथिओपिया आणि पापुआ न्यू गिनी या चार देशांत, प्रत्यक्ष आरोग्य केंद्रांतच, त्याची परीक्षा घेण्यात आली. तेथे त्याच्या दोन चाचण्यांची संवेदनशीलता ७३ व ८० टक्के, आणि विशिष्टता अनुक्रमे ९८ व ९६ टक्के भरली. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याचीही शिफारस केली. घरचे लेकरू म्हणून आम्हांला त्याचे कौतुक वाटते, हे खरे. पण त्याहून कौतुक याचे की आपले म्हणून त्याला परीक्षेतून सूट मिळाली नाही.

यंत्राची खिडकी

यंत्राला जेवढी ओळ वाचायला शिकविली तेवढीच ते वाचते. आफ्रिकेत एस्वातिनी नावाचा लहानसा देश आहे. पूर्वी त्याला स्वाझीलंड म्हणत. तेथील २००९ च्या पाहणीतले बहुऔषधप्रतिरोधी जंतू पुढे बारकाईने तपासले, तेव्हा त्यांतल्या ३० टक्के जंतूंत रिफाम्पिसिनला निष्प्रभ करणारा बदल त्या ८१ अक्षरांच्या बाहेर निघाला. यंत्राने त्यांना ‘औषधाला दाद देणारे’ म्हटले असते. आपल्या देशातही असा धडा मिळाला आहे. जगभर पुष्कळ प्रयोगशाळा क्षयजंतू ओळखण्यासाठी ज्या एका तुकड्यावर विसंबत, तो तुकडा दक्षिण भारतातील काही जंतूंत मुळी नसतोच असे १९९० च्या दशकात मद्रासच्या अभ्यासांत दिसून आले. म्हणून एका देशातील उत्तीर्णता दुसऱ्या देशात जशीच्या तशी धरून चालत नाही.

आणि शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड. चाचणी अचूक ठरली, पण तिच्यामुळे रुग्ण अधिक बरे झाले काय? दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे, झांबिया आणि टांझानिया येथील प्राथमिक केंद्रांत १५०२ रुग्णांवर हे पाहिले गेले. निष्कर्ष प्रसिद्ध झाला २०१४ मध्ये. यंत्राच्या गटात २३ टक्के रुग्णांना त्याच दिवशी उपचार मिळाला, सूक्ष्मदर्शकाच्या गटात १५ टक्क्यांना. हा लाभ खरा. पण काही महिन्यांनी पाहिले तर उपचार सुरू झालेल्यांचे प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखेच, ४३ आणि ४२ टक्के. आणि रुग्णांच्या प्रकृतीतही म्हणण्यासारखा फरक नव्हता. कारण जेथे सूक्ष्मदर्शकात काही दिसले नाही, तेथेही अनुभवी डॉक्टर लक्षणे व छातीचा फोटो पाहून उपचार सुरू करीतच होते. यंत्र निरुपयोगी असा याचा अर्थ नव्हे. रुग्ण वेळेवर दवाखान्यात येणे, निकाल त्याच्या हाती पडणे, गोळ्या पोटात जाणे आणि त्या सहा महिने जात राहणे, या साखळीतील यंत्र ही एक कडी आहे. साखळी जेवढी तिच्या सर्वांत कच्च्या कडीत टिकेल तेवढीच टिकते. आमच्या विद्यार्थिनीच्या बाबतीत कच्ची कडी कोणती होती? यंत्राने आपले काम दोन तासांत केले होते. गोळ्या चार दिवस फळीवर पडून राहिल्या. कारण तीन कागदांचा मेळ घालून सांगायला त्या बापाला कोणी भेटले नव्हते.

तीन कागदांचे उत्तर

पुढच्या आठवड्यात आम्ही त्यांच्या घरी गेलो. मुलीच्या गोळ्या सुरू झालेल्या होत्या. अंगणातल्या बाकावर बसून आम्ही ते तीन कागद पुन्हा ओळीने मांडले.

पहिला कागद खोटा नाही, आम्ही सांगितले. त्याने जेवढे पाहता आले तेवढे पाहिले. मुलीच्या थुंकीत जंतू इतके थोडे होते की त्याच्या दृष्टीत ते भरले नाहीत. दुसरा कागद त्याहून बारीक पाहणारा आहे. मुलीला महिनाभर खोकला, ताप, वजन घटलेले, घरात पूर्वी क्षयाचा रुग्ण, आणि स्वतःला आधी कधी क्षय झालेला नाही. असे असता यंत्र ‘आहे’ म्हणते तेव्हा ते खरे असण्याचा संभव फार मोठा. थांबण्यात धोका, म्हणून औषध. तिसरा कागद आजोबांचा. त्यांना २०१९ साली क्षय झाला होता आणि त्यांनी औषध पुरे केले होते. त्यांचा खोकला विडीचा आणि जुना. ताप नाही, वजन स्थिर. यंत्राला सापडला तो अत्यल्प अंश मेलेल्या जंतूंचाही असू शकेल. म्हणून डॉक्टरांनी जिवंत जंतू वाढतो काय ते पाहण्यासाठी थुंकी कल्चरला पाठविली आहे. यंत्र एक, माणसे दोन, म्हणून निर्णय दोन.

आजोबा ऐकत होते. “म्हणजे यंत्राला माझी जुनी ओळख आठवली,” ते म्हणाले, आणि खोकल्यातच हसले.

कल्चरचे उत्तर दीड महिन्याने आले. जंतू वाढले नाहीत. आजोबांना औषध लागले नाही. मुलीने सहा महिन्यांचा क्रम पुरा केला. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत ती घरी राहिली. त्या काळात वर्गातील मैत्रिणी तिला वह्या पोहोचवीत, आणि ती परत आली तेव्हा तिला वेगळ्या बाकावर बसवू नये याची काळजी आम्ही घेतली. २०२४ साली ती दहावी उत्तीर्ण झाली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ साली जगात एक कोटी आठ लाख माणसांना क्षय झाला. त्यांतील सुमारे चौथा हिस्सा भारतातला. आपल्या मराठी घरांत अजूनही या रोगाचे नाव कुजबुजत घेतात. मुलीचे लग्न अडेल, भाडेकरू सोडून जाईल, अशी भीती. ती भीती रोगाहून लवकर पसरते. म्हणून चार गोष्टी सांगून हा लेख पुरा करतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि औषध दोन्ही विनामूल्य मिळतात. तपासणीला तोंडातली लाळ देऊ नये, छातीतून आलेला बेडका द्यावा; लाळेतला क्षय उत्तम यंत्रालाही हुकू शकतो. पूर्वी क्षय झाला असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नये. ते न सांगितल्यास कागदाचा अर्थच उलटा लागू शकतो. आणि ‘आढळले नाही’ असा कागद हाती आल्यावरही खोकला-ताप राहिला, तर पुन्हा जावे.

‘निदान’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. एक रोगाची ओळख. दुसरा, कमीत कमी. यंत्र पहिल्या अर्थाचे निदान दिवसेंदिवस अधिक चांगले करील. दुसऱ्या अर्थाचे आपल्याकडे राहते. शेजारी कोणी तीन कागद घेऊन दाराशी उभा राहिला, तर निदान त्याला आत बसवून घ्यावे आणि उत्तर ठाऊक नसेल तर ते ज्याला ठाऊक आहे त्याच्यापर्यंत त्याच्याबरोबर जावे.